मामाचा श्वास आणि पहिला घास

माझी टेस्ट निगेटिव्ह आली. पोटातले जंतू गेले, मी स्वच्छ. हे तुम्ही वाचलंच नाहीत असं धरून पुढे जाऊ, कारण ऋजुताताईनेही तसंच धरलंय.

ताई माझी सख्खी बहीण, कॉव्हेंट्रीत भूलतज्ज्ञ. तिच्या मुलीला, इरावतीला, सातवा महिना लागणार म्हणून उष्टावण ठरलं. पहिला घास मामाने भरवायचा. मामा एकच. मी, शार्दूल, मुक्काम हॅरो, लंडन. अडचण एवढीच, की माझ्या पोटात अल्सर करणारे बॅक्टेरिया सापडले होते.

"ताई, अँटिबायोटिक्सचा कोर्स झालाय माझा."

"कोर्स झाला म्हणजे ते गेले असं नाही. ब्रेथ टेस्ट कर, रिझल्ट आण, मग भरव."

"मी चमच्याने भरवणार आहे. तोंडाने नाही."

"तू चमचा आधी चाटून बघतोस. लहानपणापासून."

मी टेस्टची अपॉइंटमेंट घेतली.

ब्रेथ टेस्ट म्हणजे उपाशीपोटी जायचं, नळीत फुंकायचं, एक पेय प्यायचं, अर्ध्या तासाने पुन्हा फुंकायचं. जंतू उरले असतील तर श्वासात कळतं. फुगा फुगवता येणाऱ्या कुणालाही जमेल. फक्त आधीचे दोन आठवडे ॲसिडिटीची गोळी बंद. ती गोळी जंतूंना मारत नाही, नुसती दडवते, आणि टेस्ट खोटीच चांगली येते.

मी गोळी सोडली. छातीत होळी पेटली. मी बसून झोपायला शिकलो.

मग शनिवारी ईलिंगला सुलक्षणाकाकूंकडे जेवण होतं. काकूंकडे जेवणानंतर तबक फिरतं. त्यात बडीशेप, लवंगा आणि पुण्याहून आणलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्यांची स्ट्रिप. सगळे एकेक गोळी फोडतात आणि तबक पुढे सरकवतात. मीही सरकवलं.

"काकू, मी आत्ता काय खाल्लं?"

"गोळी रे. अजून एक घे, वांगं जड असतं."

टेस्टच्या सकाळी नर्सने विचारलं, दोन आठवड्यांत ॲसिडिटीची गोळी घेतली होती का? नळी माझ्या हातात होती. नाही म्हटलं असतं तर संपलं असतं. पण मग दडलेले जंतू घेऊन मी त्या पोरीसमोर चमचा धरून बसलो असतो.

"एक," मी म्हणालो. "बडीशेपेबरोबर."

तिने नळी काढून घेतली, लहान मुलाच्या हातून कात्री घेतात तशी. पुढची अपॉइंटमेंट महिन्याने.

"ताई, उष्टावण पुढे ढकल."

"आठवा लागेल. मुलीचं विषम महिन्यात करतात, आईने पंचांग बघितलंय."

"मग नवव्यात कर!"

"तोवर ती काय माझं तोंड बघत बसेल? आत्ताच बापाच्या टोस्टवर झडप घालते. गंधार भरवेल."

गंधार म्हणजे जिजूंचा ऑफिसमधला मित्र. इथल्या मराठी मंडळात कुणाला भाऊ कमी पडला की गंधार भाऊ होतो. त्याच्याकडे स्वतःचा फेटा आहे.

"त्याच्या पोटात काय आहे ते कुणी बघितलंय?"

"त्याला काही त्रास नाहीये."

"निम्म्या जगाच्या पोटात हे असतं आणि त्यांना काही त्रास नसतो!"

"मग काय, पाहुण्यांना दारात नळीत फुंकायला लावू?"

"हो!"

तिने फोन ठेवला.

उष्टावणाला मला फोटो काढायचं काम मिळालं, सोफ्याच्या मागून. खीर गरम होती. गंधारने चमचा तोंडाजवळ नेऊन तीनदा फुंकर घातली. कुणी त्याला अडवलं नाही. भूलतज्ज्ञ ताईनेसुद्धा. इरावतीने खीर गिळली आणि त्याच्याकडे बघून हसली. फोटो स्पष्ट आलाय.

माझा रिझल्ट आला तोवर ती वरण, केळं आणि रिमोटचं एक बटण खाऊन मोकळी झाली होती.

"छान," ताई म्हणाली. "आता रोज भरव, कोण नको म्हणतंय?"

रोज कुणीही भरवतं.

सबब, संबंधितांस विनंती करण्यात येते की, कु. इरावती हिने आजतागायत सेवन केलेले सर्व अन्न रद्दबातल समजण्यात यावे, तिला पूर्वलक्षी प्रभावाने उपाशी घोषित करण्यात यावे, आणि पहिला घास सख्ख्या मामाच्या हस्ते नव्याने भरविण्यास मंजुरी मिळावी.