तळाशी ठेवलेला घोट

पेल्याच्या काठावर ओठांच्या रंगाचा पुसट ठसा तसाच होता – बोटाच्या दोन पेरांएवढा तो काचेचा पेला, त्यात मावणार जेमतेम घोटभर द्राक्षारस, आणि तेवढ्यासाठीसुद्धा हल्लीच्या मुलींना ओठ रंगवून प्रभूच्या मेजाशी यायचं असतं… बाईंनी पेला खिडकीच्या उजेडात धरला आणि सुनेच्या हातात परत दिला.

"डोळे घरी ठेवून आलीस का?"

"राहिला एखादा, आई. शंभरातला एक."

"त्या एकातूनच उद्या कुणीतरी पिणार आहे."

सून पुन्हा नळाशी गेली. उपासनामंदिरामागची ही लहानशी खोली – एक बेसिन, एक कपाट, पेले बसवायला भोकं पाडलेली लाकडी तबकं – गेली नऊ वर्षं बाईंच्या ताब्यात होती, आणि नऊ वर्षांत इथे एक पेला फुटला नव्हता की एक फडकं हरवलं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. अकराला ये, असं स्वच्छ सांगितलं होतं. पण धाकट्या जावेला वेळेचं भान कधी नव्हतंच. क्षमा घ्यायलासुद्धा ही उशिराच येणार.

हे सगळं त्या तरुण पाळकाचं खूळ. गेल्या रविवारी वीस मिनिटं उपदेश केला – दुसऱ्याचं माप काढण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला, म्हणे – आणि त्यातली पंधरा मिनिटं नजर माझ्या बाकावर. वर दारात माझा हात हातात घेऊन, "आजी, तुमच्या जाऊबाई गावात परत आल्यात. प्रभुभोजनाआधी एकदा बोलून घ्याल ना?" आजी! ज्याच्या बापाकडून मी रविवारच्या शाळेत पश्चात्तापाची व्याख्या घोकून घेतली, तो मला पश्चात्ताप शिकवणार… आणि बोलून घ्यायचं काय? मी तर तिला केव्हाच क्षमा केली आहे.

नऊ वर्षांपूर्वी, याच दारातून बाईंनी पाहिलं होतं – उपासना संपलेली, बाहेर लोकांचा गलबला, आणि आत धाकटी पाठमोरी उभी. तबकातला एकेक पेला उचलते आहे आणि त्यातलं उरलंसुरलं तोंडात रिकामं करते आहे. एक झाला, दुसरा, तिसरा… तेव्हा खरा द्राक्षारस असे, आताचं हे बाटलीतलं सरबत नव्हे. खोलीभर वास कोंडलेला. बाई अवाक्षर बोलल्या नाहीत. तशाच मंडळीच्या पंचांकडे गेल्या. घरचं माणूस म्हणून झाकलं नाही, याचा त्यांना तेव्हाही अभिमान वाटला होता. पंचांनी धाकटीला प्रभुभोजन बंद केलं, शेवटच्या बाकावर बसवलं. वर्षभरात दिरांनी बदली मागून घेतली आणि दोघं दूर निघून गेली. तरीही मी सोडलं का तिला? दर बुधवारी बायकांच्या प्रार्थनेत, नाव न घेता – एवढी सभ्यता माझ्यात आहे – मी मोठ्याने मागत राहिले की, हे प्रभू, आमच्या एका भगिनीची व्यसनातून सुटका कर…

"येऊ का, ताई?"

केस पार पांढरे झालेले, हातात कापडी पिशवी. बाईंनी तिला बस म्हटलं नाही. आधी वाक्य, मग बसणं. "झालं गेलं ते देवापुढे ठेवून," त्या म्हणाल्या, "मी तुला मनापासून क्षमा केली आहे."

वाक्य जसं घडवलं होतं तसं उतरलं. धाकटीने ते ऐकून घेतलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"बरं," ती म्हणाली. "मीपण केली तुम्हाला. केव्हाच."

"मला? कशाबद्दल?"

मग भांडणाचा वास आला की भलताच विषय काढणारी सून घाईघाईने म्हणाली, "काकू, बरं झालं आलात. आधी ही खोली तुमच्याकडे होती ना? पेल्यांत उरलेल्याचं काय करायचं असतं हो? मागच्या वेळी मी सरळ बेसिनमध्ये ओतून दिलं."

"अगं बाई! ओतलंस?" धाकटीचा हात छातीशी गेला. "आशीर्वाद झालेला रस, मोरीत नाही जाऊ द्यायचा तो. म्हातारे पाळकसाहेब स्वतः संपवायचे, एकेक पेला. पुढे त्यांना साखरेचा आजार निघाला, तेव्हा मला म्हणाले, आता हे तुम्ही करा. मला मेलीला तर वासानेच मळमळायचं. नाक दाबून प्यायची."

सून हसली. मग हसायची थांबली, आणि पुसलेलंच तबक पुन्हा पुसू लागली.

"तेव्हा बोलली का नाहीस?" बाईंचा आवाज चढला.

"तुम्ही विचारलंत कुठे, ताई? पंचांनी विचारलं, प्यायलीस का. प्यायले होते, हो म्हटलं. आणि पाळकसाहेबांना जाऊन तेव्हा आठच दिवस झाले होते. गेलेल्या माणसाच्या आड कशी लपू?"

काय हा मूर्खपणा! एक वाक्य, एकच वाक्य बोलली असती तर… नऊ वर्षं, वर्षाचे बावन्न बुधवार, आणि देवाने तरी काय करावं, तर ऐकून घ्यावं! एकदाही आवाज बसवला नाही माझा, साधा खोकला आणून थांबवलं नाही… बाईंना धाकटीची चीड आली, मेलेल्या पाळकाची आली, त्याच्या साखरेची आली. माफीची वाक्यं त्यांना पाठ होती. तीन पिढ्यांना त्यांनी ती शिकवली होती. त्यातलं एकही तोंडाशी येईना. आलं ते हे –

"उद्या पुढे बस. माझ्या शेजारी."

"नको हो, ताई. मागेच बरं वाटतं. दाराचा वारा लागतो, कुणाचं तान्हं रडलं तर बाहेर नेता येतं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर किती सोयीचं झालं असतं… पदर खोचून ती सुनेजवळ गेली. "आण ते फडकं इकडे. उपडे नको ठेवूस गं, वाफ कोंडते."

दोघी कामाला लागल्या. खोलीत बाईंना सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या खुर्चीशी गेल्या, बसल्या नाहीत. चीड होती, पुरेपूर होती, पण ती कुणावर काढावी ते पहिल्यांदाच कळत नव्हतं. आणि त्या गोंधळात, भलत्याच वाटेने, आईचं एक वळण त्यांना आठवलं – चारचौघांत पेला निपटून प्यायचा नाही, हावरेपणा दिसतो. तळाशी थोडं ठेवावं. प्रभुभोजनाच्या घोटभर पेल्यातही बाईंनी आयुष्यभर ते पाळलं होतं. दर वेळी. त्या रविवारीसुद्धा. म्हणजे पुढच्या रांगेतल्या तबकातून, नाक दाबून, हिने… माझाही?

विचारावं. नुसतं विचारावं. बाईंनी ओठ उघडले आणि धाकटीच्या पाठीकडे पाहत, हुकुमाचा नसलेला स्वर आपल्या गळ्यात कुठे सापडतो ते त्या शोधत राहिल्या.