गार पाण्याचा घोट

मी थर्मामीटर बोलतोय. बोटाएवढा माझा जीव, पण मला डबीतून बाहेर काढलं की या घरातल्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

कारखान्यातून निघताना मला एकच शिकवण मिळाली होती: अंगाला जेवढं लागेल तेवढंच बोलायचं. मग औषधाच्या दुकानातून मी ठमीच्या घरी आलो. आठ वर्षांच्या या पोरीला रक्ताचा कॅन्सर झालाय. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "या औषधांनी तिच्या अंगातली रोगाशी लढायची ताकद कमी होणार. ताप शंभरावर गेला, की घरी थांबू नका. तडक या."

ठमीची आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते. दिवसभर तिचे हात तापलेले, त्यामुळे कपाळाला हात लावून तिला काही कळतच नाही. तिची सगळी भिस्त माझ्यावर.

बाबा मालाची गाडी चालवतात. दवाखान्याच्या खेपांपायी इतके खाडे झाले, की मालक म्हणाला, आता एक जरी खाडा झाला तर दुसरा ड्रायव्हर बघेन. बाबांनी हे आईला अगदी हळू सांगितलं होतं. पण भिंतीलाही कान असतात, ठमीला तर चांगले दोन आहेत.

शेजारच्या काकूंनी आपल्या मुलांना इकडे पाठवणं कधीच बंद केलं होतं. कॅन्सर लागत नाही, हे त्यांना कोण पटवणार? इस्त्रीचे कपडेसुद्धा त्या उंबऱ्याबाहेरूनच घेत.

त्या दुपारी ठमी मलूल दिसत होती. आई मला आणायला वळली, तेवढ्यात ठमीने फ्रीजमधल्या पाण्याचा मोठा घोट तोंडात घोळवला आणि गिळून टाकला. मी जिभेखाली गेलो, तर तिथे नुसता गारठा! जेवढं लागलं तेवढंच बोललो. आकडा वाचून आईने हुश्श केलं. मी मात्र पुरता घाबरलो. डबीत पडून ओरडावंसं वाटत होतं, पण मला बोलायला कुणाचं तरी अंग लागतं.

थोड्या वेळाने काकू कपडे न्यायला आल्या. आई इस्त्रीत गुंतलेली, म्हणून ठमीनेच गठ्ठा पुढे केला. तो निसटला. सावरताना काकूंची बोटं तिच्या मनगटाला लागली.

"अगबाई! पोर केवढी तापलीय!"

आईने धावत येऊन मला ठमीच्या काखेत धरलं. आता मी खरं बोललो. आकडा शंभराच्या बराच वर होता.

"आई, बाबांना फोन नको ना करूस," ठमी रडायला लागली. "त्यांचं काम जाईल. मी अजून पाणी पिते, होईल कमी."

आई तिला छातीशी धरून बसली. फोन काकूंनीच लावला. रिक्षात ठमीला मांडीवरही त्यांनीच घेतलं.

आता आम्ही वॉर्डात आहोत. सलाइन ठिबकतंय. बाबा गाडी अर्ध्या वाटेत सोडून आलेत. मालकाचा फोन वाजतोय, ते उचलत नाहीत. आईने मला मुठीत आवळून धरलंय. जरा वेळाने ती मला पुन्हा लावेल आणि मला खरं बोलावं लागेल. फार भीती वाटतेय हो.

तोवर एक विनवणी करतो. तुमच्या शेजारी असं एखादं मूल असेल, तर उंबऱ्याबाहेर थांबू नका. आत जा, त्याच्या कपाळावर हात ठेवून बघा. घरच्यांचे हात कामाने तापलेले असतात.