झेंडूतला फोटो

पोरांना लस घ्यायला लावायची तर पोस्टरही पोरांनीच करावं, ही कल्पना माझीच. वॉटसनविलच्या दवाखान्यातर्फे बारा वर्षं मी घरोघर आरोग्याचं सांगत फिरतेय. डॉक्टरांचे फोटो बघून इथल्या एकाही पोराने बाही वर केलेली नाही. म्हणून चार पोरं कामाला बसवली. त्यांनी फोटोसाठी माझी भाची यारेत्सी निवडली. सोळा वर्षांची, हसरी. फोटोभोवती झेंडूची महिरप, खाली मेणबत्त्या आणि एक ओळ: 'मी तुझी वाट बघतेय.'

 जिवंत माणसाचा फोटो कोणी असा मांडतं का? पण ही पोरं इकडेच जन्मलेली. आमच्या मूळ देशात नोव्हेंबरात मेलेल्यांसाठी घरात वेदी मांडतात; तिच्यावरचे झेंडू त्यांनी शाळेच्या सजावटीतच पाहिलेले.

"मावशी, काय भारी दिसतंय! आपलं वाटतं गं," यारेत्सी म्हणाली. इतर मुलांना दाखवलं, तर सगळ्यांनी हेच उचलून धरलं. मी पोस्टर छापायला दिलं.

ऑक्टोबरच्या शेवटी चाळीस पोस्टरं लागली. आठवड्याभरात लसीची रांग दवाखान्याच्या फाटकाबाहेर गेली. मी हरखून गेले. मग लाँड्रीतल्या पोस्टरखाली मला पाण्याचा पेला, मीठ आणि गोड पाव दिसले, मेलेल्यांसाठी ठेवतात तसे.

"हे कोणी ठेवलं?"

"मी," लाँड्रीवाल्या एदुविहेसबाई म्हणाल्या. "कोविडनेच गेली ना बिचारी? नातवाला कालच टोचून आणलं बघ."

"अहो, जिवंत आहे ती! माझी भाची आहे!"

त्यांनी माझा हात थोपटला. "पहिल्या वर्षी असंच वाटतं, बाई."

शाळेत हजेरी घेताना यारेत्सीचं नाव राहून जाऊ लागलं. बसमध्ये तिच्या शेजारी कोणी बसेना. हे ती हसत हसत सांगायची. मग नुसतीच सांगायला लागली.

माझी बहीण एर्लिंदा भडकली. यारेत्सीच्या लसीच्या संमतीवर इतके महिने तिनेच सही अडवून धरली होती. "माझ्या पोरीला वेदीवर बसवलंस! हा घे कागद, केली सही. सगळ्यांसमोर टोच तिला. आणि ती पोस्टरं काढ आधी."

पोस्टरं शनिवारच्या लसीच्या शिबिरानंतर काढू, असं मी ठरवलं.

शनिवारी भर दुपारी यारेत्सीचा हात धरून मी रांगेच्या कडेने निघाले. तिचा हात गार होता. दाराशी ती थांबली.

"मावशी, मी घेतली की यांना कळेल ना, मी आहे म्हणून?"

"अगं, त्याचसाठी तर आणलंय."

"मग मी मेलेली नाही हे कळल्यावर उरलेली पोरं लस घ्यायला येतील?"

रांगेत शंभरेक पोरं होती. मी तत्क्षणी तिला आत ओढायला हवं होतं. सांगायला लाज वाटते, पण मी रांगेकडे बघत राहिले.

"बरं," ती म्हणाली. माझ्या मुठीतून हात सोडवून ती आल्या वाटेने चालू लागली. एकाही पोराने मान वर केली नाही. मीही हाक मारली नाही.