चित्रातला तंबोरा

घाटकोपरच्या आपल्या घरात विद्याधरकाकांनी भिंतीवरचं चित्र उतरवून खिडकीपाशी टेकवून ठेवलं. शेजारी सतरंजीवर नंदकुमारने आणलेला तंबोरा होता. मोतीबिंदूमुळे काकांना दोन्ही धूसरच दिसत होतं. "उत्तरा, तू बघ," ते म्हणाले. "मी हात लावला तर माझाच म्हणेन. तू वाद्यं ओळखतेस. तू सांगशील ते खरं."

सत्तावन्न साल नुकतंच लागलं होतं आणि उत्तराच्या बाबांना जाऊन महिना उलटला होता. बोरीवलीला समाचाराला आलेल्या काकांनी तिला तंबोरा जुळवताना ऐकलं आणि ते ताडकन म्हणाले, "हा माझा! तुझ्या बापाने मैफिलीला नेला, आणि मग नेलाच नाही म्हणाला." तिचा भाऊ नंदकुमार भडकला. हा तंबोरा मी मिरजेहून नवा करवून आणला, असं बाबा जन्मभर सांगत आले होते. गेलेल्या माणसावर खुशाल आळ घ्यावा, तो काय उठून जाब विचारणार आहे?

स्वयंपाकघराच्या दारात विमलाकाकू उभ्या होत्या. तंबोरा त्यांच्या माहेरचा. चित्रही त्यांच्या भावाने त्यांच्या लग्नाआधी रंगवलेलं: पितळी तांब्या, चिरलेली पपई आणि मागे तंबोरा. तो नवऱ्याने गुपचूप विकून खाल्ला, ही त्यांची पक्की समजूत. तेव्हापासून त्या काकांशी कामापुरतंच बोलत.

"खुंट्या बघ," नंदकुमार कुजबुजला. "चित्रात गोल, आपल्या चपट्या. तारांखालची घोडीपण वेगळी. सांगून टाक ना गं!"

खुंट्या वेगळ्या होत्या खऱ्या. पण खुंट्या बदलतात, घोडी बदलते, तारा तर बदलतातच. भोपळा बदलत नाही. वेलीवर ज्या कुशीवर तो जमिनीला टेकतो, ती कूस चपटी होते, आणि एकासारखा दुसरा भोपळा देवानेही केलेला नाही. चित्रातल्या भोपळ्याची डावी कूस बसलेली होती, आणि तिच्या जरा वर सावलीचा एक ठिपका होता.

"तो डाग आहे," नंदकुमार म्हणाला.

डाग कसला! ती खळी होती. लहानपणी बाबा गायला बसले की उत्तरा त्याच खळीत अंगठा घालून झोपी जायची. सतरंजीवरच्या तंबोऱ्याकडे वळून बघायचीही तिला गरज नव्हती.

बोलावं तर बाप चोर ठरतो, गप्प बसावं तर हा म्हातारा मरेपर्यंत खोटा ठरतो. इकडे आड, तिकडे विहीर. तिला बाबांचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी त्यांची इतकी आठवण आली की डोळे भरले.

"काका," ती म्हणाली, "हा तुमचाच आहे."

"बाबांच्या नावाची वाट लावलीस तू!" नंदकुमार ओरडला आणि चपला अडकवून तरातरा निघून गेला.

काका तंबोऱ्याकडे वळलेच नाहीत. त्यांनी मान स्वयंपाकघराकडे केली. "विमल, ऐकलंस?"

काकू पदराला हात पुसत पुढे आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अहो, मग भाऊजींनी नेलाय म्हणून तेव्हाच का नाही सांगितलंत मला?"

"सांगितलं होतं गं," काका म्हणाले. "तू त्याला विचारायला गेलीस. तो नाही म्हणाला, आणि तू त्याचं खरं मानलंस."