शेवंतीच्या तंबूतलं हवेचं घड्याळ

मी काटा बोलतोय. घड्याळाचा नव्हे, तराजूचाही नव्हे. हवेत दमटपणा किती आहे ते सांगणारा काटा. तळहातावर मावेल एवढी गोल डबी, वर काच, खाली आकडे आणि मधे मी. माझ्या पोटात एक बारीक गुंडाळी आहे. हवा दमट झाली की ती फुगते, कोरडी झाली की आक्रसते, आणि तिच्याबरोबर मी हलतो. एवढंच माझं काम. पण ते मी चोख करतो, आणि कुणी माझ्यावर शंका घेतली की मला फार लागतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते नारायणगुड्यातल्या एका दुकानाची फळी. तिथे एके दिवशी रंजना आली. पुण्याची मुलगी, लग्न होऊन हैदराबादेत आलेली, आणि आता इथलं ऊन, तिखट आणि बोली तिन्ही पचवलेली. तिने घरात झाडं वाढवायचा एक काळा तंबू घेतला, दिवा घेतला, पंखा घेतला आणि शेवटी मला घेतलं. बिल करता करता दुकानदाराने विचारलं, "अंदर कौनसा फूल लगारे मॅडम?"

"शेवंती," रंजना म्हणाली.

"हौ हौ, सब शेवंतीच बोलते," असं म्हणून तो गालात हसला. असे तंबू लावून लोक घरात भलतीसलती झाडंही वाढवतात, हे मी फळीवर बसून ऐकलेलं होतं. रंजनाच्या मात्र ते गावीही नव्हतं. ती खरोखरच शेवंतीसाठी आली होती.

बरकतपुऱ्यातलं त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. सासरे हिम्मतराव सिकंदराबादला रेल्वेत होते, आता निवृत्त. सासूबाई सत्यवती देगलूरच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरच्या अंगणातल्या पिवळ्या शेवंतीची चार रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या. दरवर्षी भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की त्यांच्या गळ्यात हीच शेवंती असायची. मग पूर्वेला शेजारी उंच इमारत उभी राहिली आणि बाल्कनीतलं ऊन गेलं. झाडं एकेक करत वाळली. दोन कुंड्या उरल्या, त्याही फूल न देणाऱ्या. गेली काही वर्षं महालक्ष्म्यांना बाजारचा हार यायचा, आणि तो घालताना सत्यवतीबाईंचं तोंड उतरायचं.

रंजनाला ते बघवेना. म्हणून हा तंबू. सासू-सासऱ्यांच्या खोलीतच तो उभा राहिला, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. शेवंतीला रात्र मोठी झाली की फुलायचं सुचतं, म्हणून रंजना संध्याकाळ व्हायच्या आत तंबूची चेन लावायची आणि भर पावसाळ्यात झाडांना हिवाळा आल्याचं पटवायची. झाडं भोळी. ती फसली आणि त्यांनी बारीक बारीक कळ्या धरल्या.

सत्यवतीबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "उन्हाचं तोंड न पाहिलेलं फूल माझ्या लक्ष्म्यांना नक्को. दिव्याखाली फुलं काढायलीस, ते काय नाटक आहे का?"

"आई, आधी फुलू तर द्या," रंजना म्हणाली, आणि मला तंबूच्या दांडीला अडकवून गेली.

रंजनाचा हिशेब साधा होता. कळ्या धरल्यावर हवा कोरडी हवी, नाहीतर पाकळ्यांच्या पोटात बुरशी शिरते. खतही बदलायचं. पाला वाढवणारं कमी, फूल भरणारं जास्त, आणि तेही पाण्यात पातळ करून, आठवड्यातून एकदाच. सगळं व्यवस्थित चाललं होतं. पण मी रोज सकाळी ऐंशीच्या पुढे जायला लागलो.

रंजनाने काचेवर टिचकी मारली. माणसांची ही एक गंमत आहे. न आवडणारा आकडा दिसला की तो दाखवणाऱ्यालाच टिचकी मारतात. मी जिथे होतो तिथेच राहिलो. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा मारली.

मला बोलता आलं असतं तर एका दमात सगळं सांगितलं असतं. मान वळवता येत नसली म्हणून काय झालं, चेन उघडून कोण आलं ते मला हवेवरून कळतं. ऑफिसचं काम घरूनच, एसीच्या खोलीत बसून करणारी रंजना आली की तिच्याबरोबर कोरडी हवा यायची. पण तिच्या आधी, सकाळी दिवा लागला की, न्हाऊन ओल्या केसांनी कुणीतरी यायचं, तांदळाचं धुवण कुंडीत ओतायचं आणि पुटपुटायचं, "प्या ग बायांनो, ती पोरगी काय पाणी मोजून देते." दुपारी चहाचा कप हातात घेऊन दुसरं कुणीतरी यायचं आणि शेंगदाण्याच्या पेंडीचं आंबवलेलं पाणी घालायचं. त्याचा वास खोलीभर सुटायचा. सत्यवतीबाईंनी विचारलं की हिम्मतराव शांतपणे म्हणायचे, "मोरीचा वास आहे. प्लंबरला सांगायला पाहिजे."

भरीस भर म्हणून रंजनाचा नवरा हेमंत. पावसात कपडे वाळत नाहीत, आणि तंबूच्या पंख्यातून गरम हवा बाहेर पडते हे त्याने हेरलेलं. त्याने खोलीत आडवी दोरी बांधली आणि त्यावर घरादाराचे टॉवेल टाकले. त्या टॉवेलांचा सगळा ओलावा पुन्हा तंबूत माझ्याकडेच यायचा.

थोडक्यात, त्या दोन कुंड्यांना तीन तीन यजमान भेटले होते, आणि यजमानही असे की पाहुण्याने पानावर आडवा हात धरला तरी पोळी टाकणारे. पानं काळपट हिरवी आणि जाड झाली, त्यांची टोकं जळली. कळ्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. महालक्ष्म्या जवळ आल्या होत्या. रंजना कुंड्यांसमोर बसून राहायची आणि तिला काही सुचायचं नाही. तिची मला कीव यायची, रागही यायचा. अगं, माझ्याकडे बघ की.

शेवटी तिने माझी परीक्षा घ्यायची ठरवली. एका झाकणात ओलं मीठ घेतलं, ते आणि मी, दोघांना घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडलं. ओल्या मिठाशेजारच्या कोंडलेल्या हवेत खऱ्या काट्याने पंचाहत्तर दाखवायला हवेत, असा नियम आहे. डबा मात्र तिने सत्यवतीबाईंच्या पापडांचा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं आणि वर सत्यवतीबाईंचा आवाज आला. "रंजना, हे हवेचं घड्याळ मिठात का ठेवलंस ग?"

रंजना धावत आली. "आई, थांबा, हलवू नका. किती दाखवतोय?"

"सात आणि पाच."

"पंचाहत्तर," रंजना म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली. "म्हणजे हा बरोबर आहे. मग चूक माझीच. माझ्या हातून ही झाडं जाणार, आई. तुमच्या माहेरची झाडं."

सत्यवतीबाई डबा हातात घेऊन जवळ आल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं तू दृष्ट काढायलीस. म्हणलं, नुसत्या मिठाने दृष्ट निघत नाही, मोहऱ्या लागतात. सांगायलाच येत होते." मग त्या हळूच म्हणाल्या, "दृष्ट बिष्ट काही नाही. मीच रोज धुवण घालते त्यांना."

"तुम्ही? तुम्हाला तर ही फुलं नको होती."

"फुलं नक्को म्हणले होते. झाडांना उपाशी ठेव असं कुठं म्हणले?"

बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज झाला. हिम्मतराव दारात आले आणि घसा खाकरून म्हणाले, "मोरीचा वास नाही तो. प्लंबरला नका बोलावू."

सगळं बाहेर पडलं तेव्हा रंजना आधी रडली आणि मग जी हसायला लागली ती थांबेना. सत्यवतीबाईही हसल्या. मला मिठातून काढून त्यांनी पदराने पुसलं.

मग कामाला सुरुवात झाली. कुंड्यांमधून नुसतं साधं पाणी भरपूर ओतून जास्तीचं खत धुऊन काढलं. हेमंतचे टॉवेल दोरीसकट हॉलमध्ये गेले. पण माती भिजल्यावर हवा आणखी दमट होणार, आणि बाहेर पाऊस. खोलीतला एसी चालू ठेवण्यावाचून इलाज नव्हता. हिम्मतरावांचे गुडघे थंडीने धरतात, एसीच्या नावानेच ते उठून जायचे. पण या वेळी कानटोपी घालून, गुडघ्याला शाल गुंडाळून ते बसले आणि म्हणाले, "चालू दे. महालक्ष्म्या होईपर्यंत मी काश्मीरला आहे असं समजा."

मी हळूहळू उतरलो. ऐंशीवरून सत्तर, साठ, पन्नास. हिम्मतराव चष्मा लावून माझ्यासमोर यायचे आणि पूर्वी गाडीच्या वेळा सांगायचे त्या थाटात आकडा ओरडून सांगायचे. टिचकी कुणीच मारली नाही. कळ्या पुन्हा फुगायला लागल्या, आणि एक दिवस त्यांच्या टोकाशी पिवळं दिसलं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी चेन उघडली. ओले केस, म्हणजे सत्यवतीबाई. मी घाबरलो. आता त्या फुलं नाकारणार, आणि रंजनाने एवढं केलं ते वाया जाणार. पण त्यांनी एकेक फूल देठाशी खुडून परडीत ठेवलं. मग माझ्याकडे बघितलं. "चल, तू पण आतच कोंडून होतास की," असं म्हणून मला दांडीवरून काढलं आणि फुलांवर ठेवलं.

आम्ही जिना चढून गच्चीवर गेलो. मागून रंजनाची पावलं आली. आकाश भरलेलं होतं. सत्यवतीबाई परडी दोन्ही हातांत धरून पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"आई, पुरण करपेल," रंजना म्हणाली.

"करपू दे. सूर्य दिसल्याबिगर मी खाली येत नाही."

ढग बाजूला झाले तेव्हा माझ्या काचेवर पहिल्यांदा ऊन पडलं. पोटातली गुंडाळी इतकी आक्रसली की मी कधी नव्हे तो चाळिसाच्या खाली आलो. सत्यवतीबाईंनी परडी उंच केली आणि म्हणाल्या, "बघ रे बाबा. ही माझ्या माहेरची. माझ्या सुनेने जगवली." मग रंजनाकडे वळून म्हणाल्या, "चल आता. गळ्यात घालू दोघींच्या."

आता तंबू घडी होऊन माळ्यावर गेलाय. दोन कुंड्यांच्या छाटांपासून झालेली नवी रोपं गच्चीवर उन्हात आहेत; हे आधी कुणालाच सुचलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात, पापडांच्या डब्याच्या वर खिळ्याला टांगलेला असतो. पावसाळ्यात पापड बाहेर काढायचे की नाही, ते सत्यवतीबाई मला विचारून ठरवतात, आणि मी सांगेन ते ऐकतात. म्हातारपणी याहून काय हवं?

तुम्हा माणसांचं प्रेम पानात वाढण्यात असतं, हे मी चांगलं ओळखून आहे. खुशाल वाढा. फक्त झाडापुढे गेलात की आधी घरात एक हाक मारत जा. या घरात आता रोज सकाळी ती ऐकू येते.

"कुणी पाणी घातलंय का ग?"

"घातलंय, आई. पोट भरलंय त्यांचं."