लाल पट्टीचं गवत

लॉनचं गवत आणि चाऱ्याचं गवत दिसायला सारखंच. फरक आतला. लॉनच्या बियाण्यात एक बुरशी असते. ती गवतासोबत वाढते, पात्याच्या आतच राहते. बाहेर ना डाग, ना वास. आत बसून ती विष तयार करते, म्हणून किडे त्या गवताला तोंड लावत नाहीत. बागेला उत्तम. पण गाभण घोडीने ते खाल्लं, तर दिवस भरून गेले तरी ती वीत नाही. व्याली तरी कासेत दूध नसतं आणि शिंगरू हाती लागत नाही. म्हणून त्या गोणीला लाल पट्टी शिवलेली असते.

बियाण्यांच्या दुकानदाराला हे पाठ होतं. म्हणूनच त्याने मेहुण्याच्या कुरणासाठी लाल पट्टीची गोणी निवडली आणि पट्टी उसवून टाकली.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, बाळ्या. घोडे पाळायचा, विकायचा. बायको त्याच्या तबेल्यात हातभार लावायला जायची. एका सकाळी घोड्याने तिच्या पोटात लाथ मारली. नेमकी तेव्हाच गिऱ्हाइकं यायची होती. बाळ्याने तिला खोगिरांच्या खोलीत निजवलं, "पड जरा ताई, बरं वाटेल," म्हणाला आणि दुपारपर्यंत घोडे दाखवत राहिला. तिच्या पोटात रक्त साचत होतं. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणलं असतं तर वाचली असती. तिला पोचवताना बाळ्याच सगळ्यांत मोठ्याने रडला.

गोणी दोन उन्हाळे दुकानाच्या माळ्यावर, तापल्या पत्र्याखाली पडून राहिली. बाळ्याने कुरण नव्याने पेरायला काढलं, तेव्हा ती खाली उतरली.

गवत उगवलं. आणि काय उगवलं! गाभण घोडी ते चरून चरून तुकतुकीत झाली. दुकानदार काहीतरी निमित्त काढून बघायला जायचा आणि हात हलवत परत यायचा. शेवटी न राहवून त्याने मूठभर गवत बियाणं तपासणाऱ्या बाईंकडे नेलं.

"यात बुरशी नाहीच हो," सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता बाई म्हणाल्या. "बियाण्यातच मेली असणार. गोणी गरम जागी ठेवली होतीत ना? उष्णतेत बी तगतं, ती तगत नाही. खुशाल खाऊ द्या घोड्यांना."

दुकानाच्या थंड खोलीत ताज्या गोण्या होत्या. त्यातली एक त्याने पट्टी उसवून गाडीत टाकली.

कुंपणाशी बाळ्या दोन गिऱ्हाइकांना घोडी दाखवत होता. पोटातल्या शिंगरासकट सौदा ठरत आला होता.

"या भावोजी! हे सगळं यांचंच बियाणं बरं का! आणखी आणलंत? झकास! पलीकडचा तुकडाही पेरून टाकू."

"आणि घोडीला काही झालं तर?"

"विमा उतरवलाय. ती मेली तरी मी तरतो." बाळ्या हसला. "तुम्ही पण ना भावोजी, कुठे काय बोलाल!"

दुकानदाराने गोणीवरचा हात काढून घेतला. घोडी मेली असती आणि हा माणूस ढेकर देऊन मोकळा झाला असता. तो गिऱ्हाइकांकडे वळला.

"या कुरणात लॉनचं बियाणं आहे. लाल पट्टीचं."

घोड्यांच्या धंद्यातल्या माणसांना यापुढे काही सांगावं लागत नाही. एकाने घोडीच्या पोटाकडे पाहिलं. दुसऱ्याने गाडीची किल्ली काढली.

"अहो, थट्टा करतायत ते! भावोजी, सांगा ना, थट्टा केली म्हणून!"

"पट्टी मीच उसवली."

गिऱ्हाइकांची गाडी गेली. बाळ्या मटकन खाली बसला. "पण का? मी काय वाकडं केलं तुमचं?"

"खोगिरांच्या खोलीत पड जरा. बरं वाटेल."

बाळ्याने मान वर केली. उठला, घोडीला ओढत आत नेऊन बांधलं, ट्रॅक्टरला नांगर जोडला आणि ते हिरवंगार, निर्दोष गवत उलथायला लागला. मध्येच शिव्या देत होता, मध्येच नाक पुसत होता. बाई काय म्हणाल्या ते एका वाक्यात सांगता आलं असतं. दुकानदार कुंपणाला टेकून बघत राहिला.

शेवटचा पट्टाही उलथून झाला. नांगर थांबला. दुकानदाराला वाटलं, कुरण फारच लहान होतं.