भाव उतरल्याचा आनंद

बिटकॉइनचा भाव कोसळला त्या आठवड्यात नायजेरियातल्या अख्ख्या बेनिन शहरात खूश झालेला माणूस एकच होता, आणि गंमत म्हणजे त्याचे स्वतःचे पैसे त्यातच अडकलेले होते. बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकून बसलेला ओसारो सारखा फोन उघडून बघे आणि भाव आणखी उतरलेला दिसला की मनात म्हणे, अजून थोडा उतर रे बाबा. शेजारचे दुकानदार कपाळाला हात लावून बसले होते. त्यांच्यासमोर हाही चेहरा पाडून बसे.

या उलट्या प्रार्थनेचं कारण होतं त्याची थोरली बहीण इसोकेन. आईच्या माघारी तिनंच त्याला वाढवलं, शिवणाच्या मशीनवर त्याचं शिक्षण केलं. नायराची किंमत रोज घसरतेय, पैसा घरात कुजवू नकोस, असं ओसारोनंच तिला सांगितलं आणि तिच्या मुलीच्या, एसोसाच्या, नर्सिंग कॉलेजसाठी साठवलेली रक्कम बिटकॉइनमध्ये घालायला लावली. मग गेल्या वर्षी भाव पडायला लागला आणि इसोकेनचा जीव टांगणीला लागला. रोज सकाळी तिचा फोन.

"आज कसं आहे रे?" आजारी माणसाची चौकशी करावी तशी ती विचारायची.

"चढेल, ताई. धीर धर."

"तुझा तो धीर तू ठेव तुझ्याजवळ! काल एका बाईच्या झग्याला बाही उलटी लावली मी. शिव्या मी खायच्या आणि तू तिथे ऐटीत बसायचं!"

शेवटी एके दिवशी ओसारो वैतागला. "विकून टाक आणि मोकळी हो," म्हणाला. ती लगोलग फोन घेऊन दुकानात हजर. बिटकॉइनच्या ॲपवर घेणारे पुष्कळ होते, पण ओसारोनं कुणाला शोधलंच नाही. आपल्या दुसऱ्या फोनवरून, टोपणनावानं, ते त्यानं स्वतःच विकत घेतलं. तिनं घातलेल्यातले निम्मेच पैसे तिला परत मिळाले. तरी "सुटले रे बाबा," म्हणत तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या घटकेला आपल्या मनात नक्की काय होतं, हे ओसारोनं पुढे स्वतःला किती वेळा विचारलं असेल. आणखी पडलं तर ताई वाचली, चढलं तर तिचं तिला देऊन टाकू, असं त्याला वाटलं होतं. खरंच वाटलं होतं. पण हे आता चढणार, असंही त्याला वाटलं होतं, आणि ते मात्र त्या दिवशी त्यानं तिला सांगितलं नव्हतं. यातलं आधी काय वाटलं, ते त्याचं त्यालाच सांगता येईना.

आणि चढलं की! आधी दुप्पट, मग तिप्पट. उद्या सांगू, परवा सांगू. अजून थोडं चढू दे, म्हणजे ताईला घसघशीत देता येईल. असं स्वतःला गोंजारत तो बसला आणि तिकडे कॉलेजची फी भरायची मुदत टळून गेली. एसोसा आईच्या मशीनशेजारी बसून गुंड्या लावायला लागली. "जाऊ दे ना मामा, पुढच्या वर्षी बघू," असं तीच त्याला समजवायची, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

म्हणून हा आनंद. ताईनं विकलं त्या भावाच्याही खाली गेलं, की आपली लबाडी आपोआप उपकार होऊन जाईल, असा साधा हिशेब. पण मेला भाव मध्येच थबकला. एवढा कोसळूनही ओसारोचे पैसे दुप्पटच.

रविवारी चर्चमध्ये देवाच्या कृपेची साक्ष द्यायची वेळ झाली आणि इसोकेन ठेवणीतला पांढरा लेसचा झगा सावरत उठली.

"देवाची स्तुती असो! या आठवड्यात किती घरं बुडाली, बघताय ना? मीही बुडाले असते. पण माझ्या भावानं मला वेळेवर बाहेर काढलं. ओसारो, ऊठ! नवरदेवासारखा लाजतोस काय?"

पास्टरनी माइक त्याच्या हातात दिला. बस्स झालं, आता सांगून टाकायचं, असं ओसारोनं ठरवलं.

"ताईचं ते दुसऱ्या कुणी घेतलं नव्हतं," तो म्हणाला. "मीच घेतलं होतं."

ओसारोनं डोळे मिटून घेतले.

"ऐकलंत?" पास्टर गरजले. "बहिणीचं बुडणारं ओझं यानं स्वतःच्या डोक्यावर घेतलं! आणि वर्षभर तोंडातून अवाक्षर नाही!"

"नाही, तसं नाही, ऐका—"

पण माइक कधीच हातातून गेला होता. ढोल वाजायला लागले. बायका नाचत पुढे आल्या, कुणीतरी कौतुकानं त्याच्या कपाळावर नायराच्या नोटा चिकटवल्या. इसोकेननं रडत रडत त्याचा हात धरला आणि नाचतच त्याला वेदीकडे घेऊन निघाली.

"येड्या, मला बोलला का नाहीस?" ती म्हणाली. "किती गेले रे तुझे?"

एक खोटा आकडा सांगितला असता तरी भागलं असतं. सगळ्या चर्चनं तर न मागताच त्याला माफ केलं होतं.

"गेले नाहीत, ताई. दुप्पट झाले. चढणार हे मला तेव्हाच वाटलं होतं."

ढोलांच्या गलक्यात तिला ऐकू गेलं नाही. "काय?" म्हणत तिनं कान पुढे केला. तेच सगळं त्याला पुन्हा, ओरडून सांगावं लागलं.

इसोकेनचे पाय थांबले. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. समोर पहिल्या रांगेत एसोसा बाकावर चढून टाळ्या पिटत होती, "मामा! मामा!" ओरडत होती. इसोकेनची नजर तिच्याकडे गेली. मग तिनं भावाचा हात इतका घट्ट आवळला की त्याची बोटं दुखली, आणि पुन्हा ठेक्यावर पाय टाकला.

"ताई, मी उद्याच तुझे—"

"नाच," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "पोरगी बघतेय. नाच."